जपानी तलवारीचं ‘पाणी’ कसं पाहायचं

तोक्योच्या उएनो बागेत जपानचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या मुख्य इमारतीत, होनकानमध्ये, तळमजल्यावर तलवारी मांडलेल्या असतात. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा तलवारींआधी माणसांकडेच लक्ष गेलं. काचेच्या कपाटासमोर एक बाई गुडघे वाकवून हळूहळू खाली बसत होत्या आणि तितक्याच सावकाश पुन्हा उभ्या राहत होत्या. शेजारचे आजोबा मान तिरकी करून एकाच जागी खिळले होते. एका मुलीने एका डोळ्याला छोटी दुर्बीण लावली होती आणि ती पात्याच्या टोकाकडून मुठीकडे बोटभर बोटभर सरकत होती. मी मात्र पंधरा मिनिटांत दालन संपवून बाहेर पडले. मला दिसल्या त्या चकचकीत पोलादाच्या बाकदार पट्ट्या, एकीसारखी दुसरी.

त्या माणसांना जे दिसत होतं ते मला का दिसलं नाही, हा प्रश्न मनातून जाईना. थोडं वाचून, थोडं विचारून पुन्हा गेले, तेव्हा एकाच तलवारीसमोर अर्धा तास कसा गेला ते कळलं नाही. हा लेख त्या दोन भेटींमधल्या फरकाबद्दल आहे. जपानला जाणारे आपले बरेच लोक आता संग्रहालयात डोकावतात. तलवारींसमोरून ते माझ्यासारखे कोरडे परतू नयेत, एवढीच इच्छा.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू. आपल्याकडे लोहार कोयत्याला, विळ्याला, कुऱ्हाडीला ‘पाणी देतो’. भट्टीत लाल झालेलं पातं नेमक्या क्षणी पाण्यात बुडवलं की धार कडक होते. क्षण चुकला तर धार मऊ राहते, नाहीतर भांडं फुटावं तशी तडकते. जपानी तलवारीतलं सगळ्यात पाहण्यासारखं काही असेल तर ते हे पाणी. जपानी कारागिराने ते असं दिलं की त्याची खूण पात्यावर कायमची उमटून राहावी.

ही खूण उमटते कशी? पातं ठोकून तयार झालं की तलवारकार त्याच्यावर मातीचा लेप देतो. त्यात चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड असते. लेप सगळीकडे सारखा नसतो. पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. तो वाळला की पातं भट्टीत तापवायचं, साधारण 750 ते 800 अंशांपर्यंत. आजही हे काम भट्टीघरात अंधार करून करतात, कारण तापमान ओळखायचं ते लोखंडाच्या रंगावरून, आणि उजेडात तो रंग फसवतो. रंग हवा तसा आला की पातं थेट पाण्यात.

धारेवर माती पातळ, म्हणून धार क्षणात थंड होते. पाठीवर माती जाड, म्हणून पाठ सावकाश निवते. पोलाद झटकन थंड झालं की त्यातला कार्बन बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाच्या कणांमध्ये अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण, पण ठिसूळ रचना तयार होते. सावकाश निवलेला भाग मऊ राहतो, पण चिवट. म्हणजे एकाच पात्याला कापणारी धार मिळते आणि घाव सोसणारी पाठही. या दोन्हींच्या सीमेवर जी रेषा उमटते तिला जपानीत ‘हामोन’ म्हणतात.

याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते आणि ती मला फार विलक्षण वाटते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते. त्यामुळे धारेकडची बाजू फुगते आणि पातं पाठीकडे वाकतं. जपानी तलवारीचा तो देखणा बाक सगळाच हातोड्याने आणलेला नसतो. त्यातला काही भाग पाण्याने दिलेला असतो. कारागीर आधीच अंदाज बांधतो, पाण्यात किती बाक येईल याचा हिशेब धरून पातं थोडं सरळ ठेवतो. महिनाभराची मेहनत या काही सेकंदांवर टांगलेली असते. पातं तडकलं तर गेलं.

आता संग्रहालयात परत जाऊ. हामोन काचेआड समोरच असतो, पण समोर ताठ उभं राहून तो दिसत नाही. कपाटात वरच्या बाजूला छोटे दिवे असतात. त्यातल्या एकाचं प्रतिबिंब पात्यावर शोधायचं. उभं राहून सापडलं नाही तर गुडघे वाकवायचे, मान कलती करायची, अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरकायचं. उजेडाचा तो पांढरा ठिपका पात्यावर सापडला की त्याच्याकडे नाही, त्याच्या काठाकडे पाहायचं. जिथे उजेड संपून पोलाद काळवंडू लागतं, तिथे हामोन उघडतो. आधी एक धुरकट पांढरी कड दिसते, डोंगरावर पहाटे धुकं टेकावं तशी. मग त्या धुक्यात बारीक चमकते कण दिसू लागतात. डोकं किंचित हलवलं की कणांची एक ओळ विझते आणि दुसरी पेटते. त्या बाई खाली-वर का होत होत्या ते तेव्हा कळतं. उजेडाचा ठिपका त्या पात्यावरून मुद्दाम फिरवत होत्या.

धुक्याला जपानी जाणकार ‘निओई’ म्हणतात आणि चमकत्या कणांना ‘निए’. दोन्ही मुळात एकच, मार्टेन्साइटचे कण. मोठे असले की डोळ्याला सुटे सुटे दिसतात, बारीक असले की सगळे मिळून धुकं होतं. काही घराणी निएसाठी प्रसिद्ध, काही निओईसाठी. कामाकुरा शहराच्या परिसरात, सागामी प्रांतात, 14व्या शतकाच्या सुरुवातीला मासामुने नावाचा तलवारकार होऊन गेला. जपानमध्ये आजही उत्तम तलवारीचं नाव निघालं की आधी त्याचं नाव निघतं. त्याच्या पात्यांवरचं निए चांदणं सांडल्यासारखं असतं. त्याची सही असलेली पाती फारच थोडी उरली आहेत, म्हणून बहुतेक ठिकाणी ‘मासामुनेची मानली जाणारी’ असंच लिहिलेलं आढळेल.

एका फसगतीची सूचना आधीच देते. काचेतून पाहताना धारेच्या बाजूने एक रुंद, दुधी-पांढरा पट्टा लांबूनच दिसतो. आपण समजतो, हाच हामोन. पण तो बहुधा पॉलिश करणाऱ्याने आणलेला असतो. आपल्याकडे शस्त्रांना धार आणि झळाळी देणारे शिकलगार, तसे जपानमध्ये ‘तोगिशी’. ते एकामागून एक बारीक होत जाणाऱ्या दगडांवर पातं घासतात आणि शेवटी दगडाची नखाएवढी पातळ चकती अंगठ्याखाली धरून धारेचा भाग पांढरा करत नेतात. ही पद्धत मेजी काळात, म्हणजे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, रूढ झाली. हामोन लांबून उठून दिसावा म्हणून ती आहे आणि करायला अत्यंत अवघड आहे. पण पांढऱ्या पट्ट्याची कड आणि खऱ्या हामोनची कड तंतोतंत जुळत नाहीत. खरा हामोन त्या पांढऱ्याच्या आत असतो आणि फक्त तिरक्या उजेडात दिसतो. फोटोत जे दिसतं ते बहुतेक वेळा तोगिशीचं काम असतं. म्हणून तलवारींचे फोटो कितीही पाहिले तरी त्यांच्यासमोर जाऊन उभं राहण्याला पर्याय नाही.

हामोनच्या आकारांना नावं आहेत. सरळ रेघ असेल तर ‘सुगुहा’, संथ लाटेसारखा असेल तर ‘नोतारे’. बिझेन प्रांताच्या, म्हणजे आजच्या ओकायामा भागातल्या तलवारींवर दाटीवाटीने गोलसर टोकं उभी राहिलेली दिसतात. त्याला म्हणतात ‘चोजी’, आणि चोजी म्हणजे लवंग. एकदा हे कळलं की लवंगांची ती रांग डोळ्यांपुढून हटत नाही. योगायोग असा की पूर्वी तलवारींना गंज चढू नये म्हणून जे तेल लावत तेही लवंगेचंच.

आता पात्याचा मधला भाग पाहू, धार आणि पाठ यांच्या दरम्यानचा. तोही कोरा नसतो. तिरक्या उजेडात त्यावर लाकडाच्या फळीसारखे दाणे दिसतात. याला ‘हादा’ म्हणतात, म्हणजे त्वचा. जपानी तलवारीचं पोलाद ‘तामाहागाने’ लोहवाळूपासून करतात. मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा थरावर थर टाकत तीन दिवस, तीन रात्री आग धगधगत ठेवायची आणि शेवटी भट्टी फोडून पोलादाचा प्रचंड गोळा बाहेर काढायचा. शिमाने जिल्ह्यातल्या ओकुइझुमोमध्ये अशी एक भट्टी 1977 साली पुन्हा सुरू करण्यात आली आणि आजचे तलवारकार तिथलंच पोलाद वापरतात. हे पोलाद एकसारखं नसतं. त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, मध्ये मळ. तो मळ काढायला आणि पोलाद एकजीव करायला कारागीर ते ठोकून पसरतो, मधोमध दुमडतो, पुन्हा ठोकतो.

‘जपानी तलवार लाखो वेळा दुमडलेली असते’ असं इंटरनेटवर हमखास वाचायला मिळतं. ते खरं नाही. घड्या साधारण दहा ते पंधराच असतात. पण प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, त्यामुळे पंधरा घड्यांत बत्तीस हजारांहून जास्त थर होतात. जास्त दुमडलं तर कार्बन जळून जातो आणि पोलाद निकामी होतं. या थरांच्या रेषा म्हणजेच हादा. कुठे त्या सागवानाच्या फळीवरच्या रेषांसारख्या वाहतात, कुठे गाठीभोवती फिरल्यासारख्या गोल होतात, कुठे पात्याच्या लांबीने अगदी सरळ जातात. नाराजवळच्या यामातो प्रांतातल्या कारागिरांना सरळ रेषा प्रिय होत्या. बिझेनच्या जुन्या पात्यांवर तर आणखी एक नवल असतं. हामोनच्या वर, पोलादाच्या मध्यात, हामोनचीच सावली पडावी तशी एक धूसर छटा दिसते. तिला ‘उत्सुरी’ म्हणतात. ती सापडायला वेळ लागतो. मला तिसऱ्या भेटीत सापडली आणि इतका आनंद झाला की शेजारच्या अनोळखी बाईंना बोटाने दाखवली. त्यांनीही वाकून पाहिली, मान डोलावली आणि आपल्याजवळची दुर्बीण माझ्या हातात दिली.

खरं तर जाणकार याच्या उलट क्रमाने पाहतात. आधी चार पावलं मागे उभं राहून पूर्ण आकार, मग जवळ जाऊन हादा, मग हामोन. मी हामोन आधी घेतला, कारण नवख्याची वाट तिथेच अडते. आता मागे सरकून आकार पाहू, कारण आकारावरून काळ सांगता येतो.

प्रथम धार कुठे आहे ते बघा. धार खाली करून मांडलेली असेल तर ती ‘ताची’. घोड्यावर बसणारे योद्धे ती कमरेला दोरीने लटकवत, धार जमिनीकडे. धार वर करून मांडलेली असेल तर ‘कातना’. ती पायी लढणाऱ्यांची, कमरपट्ट्यात खोचलेली. म्यानातून काढता काढताच वार करता यावा म्हणून धार आकाशाकडे. संग्रहालयं ही मांडणी कटाक्षाने पाळतात, त्यामुळे पाटी न वाचताही एवढं कळतं. 30 सेंटिमीटरच्या आत असेल तर ‘तांतो’, 30 ते 60च्या दरम्यान असेल तर ‘वाकिझाशी’. हे माप जुन्या जपानी एक आणि दोन ‘शाकू’चं, त्यामुळे सेंटिमीटरमध्ये काटेकोर सांगायचं तर 30.3 आणि 60.6.

11व्या-12व्या शतकातलं पातं सडपातळ, बाक मुठीच्या जवळ खोल, आणि टोकाकडे जाताना निमुळतं होत अगदी लहान अणी. 13व्या शतकाच्या मध्यात पाती रुंद, दणकट झाली. 1274 आणि 1281 साली मंगोल फौजांनी जपानवर स्वारी केली ती याच शतकात. 14व्या शतकात दोन राजदरबारांच्या झगड्यात तलवारी प्रचंड वाढल्या, टोकं लांबलचक झाली. नंतर पायदळाची युद्धं वाढली तशी पाती आखूड होत गेली आणि धार वर गेली. 17व्या शतकात शांतता आली तेव्हा बाकही उथळ झाला. एकाच दालनात या सगळ्या तलवारी काळाच्या क्रमाने मांडलेल्या असतील तर सातशे वर्षांची युद्धं कशी बदलत गेली ते नुसत्या रेषांवरून दिसतं.

उएनोतल्या दोन तलवारींबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली ‘ओकानेहिरा’. बिझेनच्या कानेहिराने हेइआन काळाच्या अखेरीस, म्हणजे 12व्या शतकात, घडवलेली. पातं 89.2 सेंटिमीटर लांब, रुंद, भारदस्त दिसणारं, पण वजन अवघं 1.35 किलो. इतकं मोठं पातं इतकं पातळ कसं ठोकलं असेल, याचा विचार करत मी तिच्यासमोर उभी राहते. दुसरी ‘मिकाझुकी मुनेचिका’. क्योतोच्या सान्जो भागातल्या मुनेचिकाची, सुमारे 80 सेंटिमीटरची. मिकाझुकी म्हणजे तृतीयेची चंद्रकोर. नाव का पडलं ते पाहायचं असेल तर पात्याच्या खालच्या अर्ध्या भागात, हामोनच्या किंचित वर नजर स्थिर करायची. उजेड नेमका पडला की धारेला लगटून बारीक बारीक कोरी उगवतात, एकीमागून एक. माणूस सरकला की मावळतात. नऊशे-हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेलं पाणी ते. ‘पाच श्रेष्ठ तलवारी’ म्हणून जपानमध्ये जी जुनी यादी आहे तिच्यात हिचं नाव आहे. त्याच यादीतली ‘दोजिगिरी यासुत्सुना’ही याच संग्रहालयात आहे. तिने मिनामोतो नो योरिमित्सु या योद्ध्याने शुतेन-दोजी नावाच्या राक्षसाला मारलं, अशी आख्यायिका आहे.

मुठीच्या आतला भाग पाहायला विसरू नका. त्याला ‘नाकागो’ म्हणतात. प्रदर्शनात पातं बहुधा मूठ काढूनच ठेवतात, आणि खालचा हा भाग काळपट, गंजलेला असतो. तो घासून साफ का करत नाहीत, असं पहिल्यांदा वाटतंच. पण हा गंज म्हणजे तलवारीचा जन्मदाखला. शतकानुशतकं साचलेल्या गंजाचा रंग आणि पोत सहजासहजी नकली करता येत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. गंज पुसला की तलवारीचं मोल कोसळतं. त्यावर कानसीच्या रेघा असतात, आणि प्रत्येक घराण्याची रेघ मारायची तऱ्हा वेगळी. मूठ खुंटीने पक्की करायचं भोकही असतं. भोकं दोन-तीन असतील तर समजा, तलवार बहुधा पुढे कधीतरी कापून आखूड केली गेली.

हे फार वेळा घडलं. धार वर करून कमरेला खोचायची पद्धत आल्यावर लांब ताची गैरसोयीच्या झाल्या. टोकाला हात लावायचा नाही, म्हणून मुठीकडून कापलं, आणि त्याबरोबर सहीही गेली. पाटीवर ‘मुमेई’ लिहिलेलं असेल तर अर्थ ‘सही नसलेली’. तो कमीपणा नाही. जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांमध्ये शंभराहून जास्त तलवारी आहेत आणि त्यातल्या कित्येकांवर सही नाही. पाटीवरचा ‘मेई’ हा शब्द म्हणजे सही. ‘देन’ म्हणजे ‘अमक्याची मानली जाणारी’. ‘कोकुहो’ म्हणजे राष्ट्रीय ठेवा. एवढे चार शब्द ओळखता आले तरी पाट्या बोलू लागतात.

फुकुओका शहराच्या संग्रहालयात ‘हेशिकिरी हासेबे’ आहे. 64.8 सेंटिमीटर लांबीची, कापून आखूड केलेली, सही नसलेली. तिच्या नाकागोवर मात्र सोन्याने अक्षरं भरलेली आहेत. एका बाजूला होनआमि घराण्याच्या पारख्याने कारागिराचं नाव, हासेबे कुनिशिगे, लिहून ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला मालकाचं, कुरोदांचं. हेशिकिरी म्हणजे ‘दाबून कापणारी’. गोष्ट अशी सांगतात की ओदा नोबुनागा या सेनानीचा एक चहावाला त्याचा अपराध करून फडताळाखाली दडला. तलवार उगारायला जागा नव्हती, म्हणून नोबुनागाने ती फडताळाखाली घालून नुसती दाबली आणि माणूस कापला गेला. तलवार पाहताना ही गोष्ट आठवून अंगावर काटा येतो आणि यावाही. ही माणसं मारायची हत्यारं होती. त्यांचं सौंदर्य पाहताना ते विसरायचं कारण नाही.

आता आपल्याला जवळची अशी एक गोष्ट. काही पात्यांवर मुठीच्या वर कोरीवकाम असतं. खड्गाला विळखा घातलेला ड्रॅगन, कमळ, आणि कधी कधी अक्षरं. ती अक्षरं जपानी नसतात. ती ‘बोंजी’, म्हणजे सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं. आपल्या देवनागरीच्या आणि सिद्धम्‌च्या मुळाशी एकच ब्राह्मी. बौद्ध धर्माबरोबर ही लिपी चीनमार्गे जपानला पोचली आणि तिथल्या मंत्रसाधनेत टिकून राहिली. सगळ्यात जास्त आढळतं ते फुदो म्योओचं बीजाक्षर. फुदो म्योओ म्हणजे संस्कृतातला अचल. हातात खड्ग आणि पाश, मागे ज्वाळा. योद्ध्यांना तो आपला वाटला यात नवल नाही. खड्गाला विळखा घालणारा ड्रॅगनही त्याचंच रूप. ‘कुरिकारा’ हे त्याचं नाव. ज्या भूमीतून हे अक्षर निघालं तिथला माणूस उएनोत काचेआड ते ओळखतो, तेव्हा क्षणभर तो परका राहत नाही.

पोलादाचाही असा एक धागा आहे. 17व्या शतकाच्या सुरुवातीला यासुत्सुगु नावाच्या तलवारकाराने ‘नान्बान-तेत्सु’ वापरलं आणि तसं नाकागोवर कोरूनही ठेवलं. नान्बान-तेत्सु म्हणजे पोर्तुगीज आणि डच जहाजांनी आणलेलं परदेशी पोलाद. त्यातलं काही हिंदुस्थानातलं असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

या तलवारी आज काचेत दिसतात हेही सहज घडलेलं नाही. 1876 साली मेजी सरकारने कमरेला तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि तलवारकारांचं पोट गेलं. 1945 साली जपान हरला तेव्हा अमेरिकन फौजांनी शस्त्रं जमा करायला लावली. त्या वेळी कितीतरी तलवारी नष्ट झाल्या, कितीतरी सैनिकांच्या सामानातून समुद्रापार गेल्या. तोकुगावा घराण्याची ‘होन्जो मासामुने’, 1939 साली राष्ट्रीय ठेवा ठरलेली, 1945च्या डिसेंबरात पोलिसांकडे जमा केली गेली आणि आजवर सापडलेली नाही. होन्मा जुन्जी आणि सातो कानइची या अभ्यासकांनी अमेरिकन अधिकाऱ्यांना पटवून दिलं की या तलवारी शस्त्रं असल्या तरी कलाकृती आहेत. त्यातूनच 1948 साली जपानी तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी राहिली. तिचं संग्रहालय तोक्योच्या र्‍योगोकु भागात, सुमो कुस्तीच्या आखाड्यापासून चालण्याच्या अंतरावर, एका जुन्या बागेत आहे. 2018पासून ते तिथे आहे. कमी गर्दी, चांगले दिवे. निवांत पाहायचं असेल तर मी उएनोपेक्षा हेच सुचवेन.

तलवारी घडणं मात्र थांबलेलं नाही. जपानमध्ये तलवारकाराला निदान पाच वर्षं गुरूकडे राबून सरकारी परवाना मिळवावा लागतो, आणि परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनपेक्षा जास्त लांब तलवारी करता येत नाहीत. हे पाहायचं ठिकाण म्हणजे ओकायामा जिल्ह्यातलं ओसाफुने. एके काळी इथे तलवारकारांची गावंच्या गावं होती. इथल्या संग्रहालयाच्या आवारात लोहार, तोगिशी, म्यान करणारे आपापल्या खोल्यांत काम करताना दिसतात. ओसाफुने ज्यात येतं त्या सेतोउचि शहराने 2020 साली ‘यामातोरिगे’ विकत घेतली. 13व्या शतकातली, उएसुगी केनशिन या सेनानीच्या संग्रहातली, सही नसलेली. किंमत 50 कोटी येन. छोट्या शहराकडे एवढे पैसे कुठून असणार? देशभरातून देणग्या जमल्या. देणाऱ्यांत तरुण मुलीही होत्या. 2015 साली आलेल्या एका ऑनलाइन खेळात प्रसिद्ध तलवारी तरुण योद्ध्यांच्या रूपात अवतरल्या आणि तेव्हापासून तलवारींच्या प्रदर्शनांना मुलींच्या रांगा लागू लागल्या. काही जुन्या रसिकांना हे रुचलं नाही. मला विचाराल तर ही गोष्ट सोन्यासारखी आहे. उएनोत दुर्बीण लावून बोटभर बोटभर सरकणारी ती मुलगी मी पाहिली आहे. त्या तन्मयतेला कमी लेखण्याचा अधिकार कुणालाच नाही.

जाण्याआधी एक करा. जी तलवार पाहायची आहे ती त्या दिवसांत मांडलेली आहे का, ते संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासा. तलवारी कायम बाहेर नसतात, आलटून पालटून मांडतात. मिकाझुकीसाठी गेलात आणि ती आत तिजोरीत असेल, असं सहज होऊ शकतं. हेशिकिरी दरवर्षी साधारण जानेवारीत बाहेर येते. उएनोचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. फोटो काढता येतो की नाही ते प्रत्येक कपाटाजवळ लिहिलेलं असतं, आणि फ्लॅश कुठेच चालत नाही. चार-सहा पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण जवळ असेल तर उत्तम. जपानला जाणं होणार नसेल, पण बोस्टन, न्यूयॉर्क किंवा लंडनला राहत असाल, तर तिथल्या मोठ्या संग्रहालयांतही जपानी तलवारींचे चांगले संग्रह आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयाच्या जपानी दालनातही सामुराई तलवारी आहेत.

आणि दालनातल्या सगळ्या तलवारी पाहायचा हट्ट धरू नका. पाच निवडा, तीनही चालतील. एकीसमोर उभं राहा, दिव्याचं प्रतिबिंब शोधा, गुडघे वाकवा. मागे कुणी थांबलं असेल तर बाजूला होऊन त्यांना जागा द्या आणि पुन्हा रांगेत या. दुसऱ्या खेपेला तेच पातं वेगळं दिसतं, कारण तोवर डोळ्यांना अंधाराची सवय झालेली असते.